वीज खात्याचा खर्च वाढतो कुठे आणि माणसं कमी पडतात कुठे

हरभरा फुलावर असताना डीपी, म्हणजे शेतातलं रोहित्र (ट्रान्सफॉर्मर), जळाली की वावराच्या धुऱ्यावर दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, "लाइनमन काही सापडत नाही." दुसरं, "हे एवढाले पगार घेतात म्हणून तं आपलं बिल वाढते." बोलणारा बहुतेक एकच असतो, आणि त्याच्या चिडण्याला कारण असतं. पण ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की प्रश्न पडतो. खात्यात माणसं भरमसाट असतील तर गावाला लाइनमन का मिळत नाही? आणि माणसं कमी असतील तर खर्च वर्षागणिक वाढतो कसा?

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. खांबावर चढणारी माणसं कमी केली म्हणून खर्च आपोआप कमी होत नाही. त्यातला बराचसा पगाराच्या रकान्यातून निघून कंत्राटाच्या, दुरुस्तीच्या किंवा वीज गळतीच्या रकान्यात जातो. म्हणून नुसता पगाराचा आकडा पाहून खातं फुगलं की आटलं हे कळत नाही.

आधी खातं म्हणजे नेमकं कोण ते पाहू, कारण राग बरेचदा चुकीच्या दारावर जातो. मंत्रालयात ऊर्जा विभाग आहे. तो धोरण ठरवतो, सरकारी अनुदान देतो, शासन निर्णय काढतो. त्याच्या हाताखाली विद्युत निरीक्षकांची यंत्रणा आहे. अपघात झाला की चौकशीला येतात ते हे लोक. सौर आणि इतर अपारंपरिक ऊर्जेसाठी महाऊर्जा ही वेगळी संस्था आहे. या सगळ्यांत मिळून माणसं फार नाहीत. आपण ज्याला अजूनही एमएसईबी म्हणतो ते महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ 20 जून 1960 ला सुरू झालं आणि 2005 च्या जूनमध्ये त्याचे भाग पाडले गेले. 2003 च्या वीज कायद्यानं तसं करणं भाग होतं. वीज तयार करणारी महानिर्मिती, मोठ्या टॉवरांवरून ती वाहून नेणारी महापारेषण, घरापर्यंत आणि मोटारीपर्यंत पोचवणारी महावितरण, आणि या तिघींची मालकी धरणारी सूत्रधारी कंपनी. दर ठरवायचं काम यांच्यापैकी कुणाकडेच नाही. ते 1999 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाकडे आहे.

एकाचे चार झाले म्हणजे मुख्यालयं वाढली, संचालक वाढले, प्रत्येकाचा स्वतंत्र लेखा विभाग आणि मनुष्यबळ विभाग आला. हा वाढीव खर्च खरा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. त्याबदल्यात एक फायदा मात्र झाला. पूर्वी मंडळाच्या एकाच हिशेबात कोळशापासून मीटरपर्यंत सगळं मिसळलेलं असायचं, आता कोणत्या टप्प्यावर किती पैसा लागतो ते वेगवेगळं दिसतं.

तर महावितरणच्या हिशेबात डोकावू. आयोगापुढे कंपनी दरवाढीची याचिका दाखल करते, त्यात वर्षभरात किती महसूल लागेल याचा तक्ता असतो. त्यातली सगळ्यात मोठी रक्कम पगाराची नसून वीज खरेदीची असते. ढोबळ मानानं कंपनीच्या 100 रुपयांच्या खर्चातले पाऊणशे रुपये वीज विकत घेण्यातच जातात. ही वीज महानिर्मितीकडून येते, केंद्र सरकारच्या एनटीपीसी कंपनीकडून येते, खासगी प्रकल्पांकडून येते, आता सौर प्रकल्पांकडूनही येते. उरलेल्या रकमेत पारेषणाचं भाडं, कर्जावरचं व्याज, घसारा, नफ्याचा ठरलेला टक्का आणि मग पगार, कार्यालयीन खर्च व देखभाल-दुरुस्ती. म्हणजे उद्या पगार 10 टक्क्यांनी वाढले तरी युनिटमागे फरक पडेल तो पैशांत. कोळसा महागला तर फरक रुपयांकडे सरकतो.

वीज खरेदीतही एक गोष्ट लोकांना सहसा कुणी सांगत नाही. वीज प्रकल्पाशी करार पंचवीस-पंचवीस वर्षांचे असतात आणि त्यांत दोन प्रकारचे पैसे द्यायचे असतात. एक, घेतलेल्या प्रत्येक युनिटचे. दुसरे, प्रकल्प तयार ठेवल्याबद्दलचे. मागणी कमी झाली, वीज घेतली नाही, तरी दुसऱ्या प्रकारचे पैसे द्यावेच लागतात. विदर्भाला ही गोष्ट विशेष लागते. चंद्रपूरचं 2920 मेगावॅटचं केंद्र, कोराडी, खापरखेडा, पारस, मौद्याचं एनटीपीसी, तिरोड्याचा 3300 मेगावॅटचा खासगी प्रकल्प, एवढी केंद्रं आपल्या अंगणात आहेत. कोळसा इथला, पाणी इथलं, राखही इथल्याच शेतांवर पडते. आणि त्याच जिल्ह्यांतला शेतकरी कित्येक वर्षं आठवड्यातले काही दिवस रात्रीच्या थ्री फेजवर ओलीत करत आला, साप-विंचवाच्या भीतीत, थंडीत. त्याला कारण निव्वळ वीज कमी हे नव्हतं. दिवसा शहरं आणि कारखाने मागणी खेचतात, रात्री वीज मोकळी होते, म्हणून मोटारी रात्रीवर ढकलल्या गेल्या.

आता माणसांकडे येऊ. महावितरणची उतरंड अशी: विदर्भात नागपूर, चंद्रपूर, गोंदिया, अमरावती आणि अकोला ही पाच परिमंडळं, प्रत्येकावर मुख्य अभियंता. परिमंडळाखाली मंडळ, तिथे अधीक्षक अभियंता. त्याखाली विभाग, तिथे कार्यकारी अभियंता. मग उपविभाग. आणि सगळ्यात शेवटी शाखा कार्यालय, जिथे एक कनिष्ठ किंवा सहाय्यक अभियंता बसतो आणि त्याच्या हाताखाली जनमित्र, म्हणजे आपले लाइनमन. वरच्या चार पायऱ्यांवरची खुर्ची फार काळ रिकामी राहत नाही. राहिली तरी शेजारच्या अधिकाऱ्याकडे अतिरिक्त कार्यभार देऊन सही-शिक्क्याचं काम चालून जातं. खांबावर चढायचा अतिरिक्त कार्यभार मात्र कागदावरच राहतो, कारण एक माणूस एका वेळी एकाच खांबावर असतो.

मंडळ सुटं झालं तेव्हापासून महावितरणचे ग्राहक साधारण दुप्पट झाले, आज ते तीन कोटींच्या घरात आहेत. वाहिन्या वाढल्या, रोहित्रं वाढली, शेतीपंपांच्या जोडण्या वाढल्या. कायम तंत्रज्ञांची संख्या त्या मानानं वाढलेली नाही. 2023 च्या अखेरीस विद्युत सहाय्यकांच्या 5347 पदांची जाहिरात निघाली होती. विद्युत सहाय्यक म्हणजे दहावी झालेला आणि आयटीआयचा वीजतंत्री किंवा तारतंत्री झालेला मुलगा किंवा मुलगी. पहिली तीन वर्षं त्यांना पगार नसतो, मानधन असतं: त्या जाहिरातीत पहिल्या वर्षी महिना 15,000, दुसऱ्या वर्षी 16,000, तिसऱ्या वर्षी 17,000 रुपये. मग तंत्रज्ञ म्हणून घेतात. पावसात अकरा हजार व्होल्टच्या तारेखाली उभं राहणाऱ्या माणसाचा हा मोबदला आहे. "एवढाले पगार" म्हणताना हा आकडा डोळ्यांपुढे असू द्यावा.

कायम माणसांची जागा कुणी भरली? कंत्राटी कामगारांनी. जानेवारी 2023 मध्ये तिन्ही कंपन्यांतल्या संघटना खासगीकरणाच्या विरोधात संपावर गेल्या तेव्हा 86 हजार कर्मचारी, अधिकारी, अभियंते आणि 42 हजार कंत्राटी कामगार असा आकडा सगळीकडे सांगितला जात होता. म्हणजे दोन कायम माणसांमागे जवळपास एक कंत्राटी. या कंत्राटी माणसाचा पैसा एजन्सीच्या बिलातून जातो. त्या बिलात त्याच्या मजुरीखेरीज एजन्सीचं कमिशन असतं, कर असतो. तो आणि शेजारचा कायम तंत्रज्ञ एकाच शिडीवर, एकच काम करतात, फरक पडतो तो पगारपत्रकात आणि अपघात झाल्यावर. त्याखालीही एक थर आहे, ज्याची नोंद कुठेच नसते. लाइनमनच्या हाताखाली गावातलाच एखादा पोरगा शिकतो, डिओ (खांबावरचा मोठा फ्यूज) टाकायला जातो, फ्यूज बांधतो. त्याला झिरो वायरमन म्हणतात. त्याला ना ओळखपत्र, ना हातमोजे, ना विमा. तो खांबावरून पडला तर कुठल्याच आकडेवारीत कर्मचारी म्हणून पडत नाही.

तीन हजारांपर्यंत वस्तीच्या गावांसाठी ग्रामपंचायतीमार्फत ग्राम विद्युत व्यवस्थापक नेमायची योजनाही सरकारनं आणली होती. मीटर वाचणं, बिलं वाटणं, फ्यूज टाकणं, दिवाबत्ती पाहणं हे त्याचं काम. कल्पना चांगली होती, कारण माणूस गावातलाच. पण मोबदला ग्राहकसंख्येवर बांधला की दोनशे घरांच्या गावात त्या पैशावर घर चालत नाही, आणि पोरगा दुसऱ्या कामाला लागतो.

नोकरांची संख्या आणि खर्च यांचा हा गुंता महाराष्ट्रापुरता नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याची गोष्ट याच कारणासाठी समजून घेण्यासारखी आहे. 1973 च्या तेलटंचाईनंतर राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या काळात, 1977 साली ते खातं उभं राहिलं. सुरुवातीला सुमारे 20 हजार कर्मचारी आणि 10 अब्ज डॉलरच्या आसपास वार्षिक खर्च. 2024 च्या सुमाराला खर्च 50 अब्ज डॉलरच्या आसपास पोचला होता. बघा, पाचपट झाला, असं म्हणत तिथे या खात्यावर कायम टीका होते. पण दरम्यान डॉलरची किंमतही पाचेक पटींनी उतरलेली आहे. महागाई वजा केली तर खर्च फारसा हललेलाच नाही. कर्मचारी तर 20 हजारांहून कमी झालेत. मग माणसं कमी झाली म्हणायची का? तसंही नाही. त्या खात्याचं खरं काम कंत्राटदारांची माणसं करतात आणि त्यांची संख्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या कित्येक पट आहे. 17 राष्ट्रीय प्रयोगशाळांपैकी 16 कंत्राटी संस्थाच चालवतात. खर्चाचा मोठा वाटाही तेलावर किंवा विजेवर होत नाही. तो अण्वस्त्रं सांभाळण्यावर आणि जुन्या अणुकारखान्यांनी नासवलेली जमीन-पाणी साफ करण्यावर होतो, कारण ते काम या खात्याकडे वारशानं आलं. नुसतं नाव वाचून खात्याचा खर्च कशावर होतो याचा अंदाज बांधला तर फसायला होतं.

तीच काळजी आपल्याकडेही घ्यायला हवी. पंधरा वर्षांपूर्वीचा पगारखर्च आणि आजचा पगारखर्च समोरासमोर ठेवून "इतका वाढला" म्हणणं अपुरं आहे. त्यातली महागाई काढावी लागते, कारण महागाई भत्ता हा किमती वाढल्या म्हणूनच मिळतो. मग तो ग्राहकसंख्येनं भागावा लागतो. आणि विदर्भासाठी मी आणखी एक मोजमाप धरीन: किलोमीटर. पुण्यातल्या एका इमारतीत जितके मीटर असतात तितके गडचिरोलीत एटापल्लीकडच्या पाच-सहा पाड्यांत मिळून असतात, आणि मधे जंगल असतं, नाला असतो. दर हजार ग्राहकांमागे इतकी पदं असा सरसकट हिशेब लावला की भामरागड, धारणी, कुरखेडा यांच्या वाट्याला कायम कमी माणसं येणार. तिथे तार किती लांब आहे यावर माणसं ठरायला हवीत.

आता ती जळालेली डीपी जरा जवळून पाहू, कारण रकाने कसे बदलतात ते तिथे स्पष्ट दिसतं. शेतीच्या वाहिनीवर साधारण 63 केव्हीएचं (केव्हीए हे किती भार पेलतं त्याचं माप) रोहित्र असतं. पाच हॉर्सपॉवरची मोटार त्यातून पाचेक केव्हीए घेते. म्हणजे बारा मोटारींचं ओझं त्याला पुरे. प्रत्यक्षात अठरा-वीस मोटारी असतात, काही मंजूर भारापेक्षा मोठ्या, काही तारेवर आकडा टाकून चोरून चालवलेल्या. त्यात बहुतेकांनी ऑटोस्विच बसवलेला. लाइन आली की सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात आणि सुरू होताना प्रत्येक मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट खेचते. फ्यूज उडायला हवा, तोच त्याचा उपयोग. पण वारंवार उडतो म्हणून कुणीतरी पातळ तारेऐवजी जाड तार बांधून ठेवलेली असते. मग फ्यूज वाचतो आणि रोहित्राची गुंडाळी जळते. त्यात ऑईल कमी असेल, अर्थिंग सुटलं असेल, एकाच फेजवर जास्त भार असेल, तर आणखी लवकर.

यातली प्रत्येक गोष्ट महिन्यातून एक चक्कर मारणाऱ्या तंत्रज्ञाच्या नजरेला पडते. तो ऑईलची पातळी बघतो, फेज बदलून देतो, बरोबर मापाची तार बांधतो, शेतकऱ्यांना ऑटोस्विच काढा आणि कॅपॅसिटर लावा म्हणून सांगतो. तो माणूस नसला तर कंपनीचा त्याच्यापुरता पगार वाचला. पण जळालेलं रोहित्र उतरवणं, नेणं, एजन्सीकडून गुंडाळी भरून घेणं, नवं ऑईल, परत आणून चढवणं, हा सगळा खर्च देखभाल-दुरुस्तीच्या रकान्यात पडतो. तितके दिवस वीज विकली गेली नाही तो तोटा कुठेच स्वतंत्र दिसत नाही. आणि पुष्कळ गावांत ट्रॅक्टर शेतकऱ्यांनाच लावावा लागतो, वर्गणी काढावी लागते, हरभऱ्याचं पाणी चुकतं, दाणा बारीक राहतो. हा खर्च तर कोणत्याच कंपनीच्या ताळेबंदात येत नाही.

रीडिंगचंही तेच. मीटर बघायला माणूस नाही, मग सरासरी बिल लागतं, ते पटत नाही, थकतं, वाद होतो, थकबाकी फुगते. यावर उपाय म्हणून स्मार्ट मीटर आणले जात आहेत. महावितरणनं 2023 मध्ये सव्वादोन कोटींच्या आसपास मीटरांची कामं खासगी कंपन्यांना दिली, एका मीटरमागे बसवण्यापासून काही वर्षांच्या देखभालीपर्यंत धरून सुमारे 12 हजार रुपये. रीडिंग घेणाऱ्याची मजुरी यात वाचेल, यात शंका नाही. पण तो पैसा मीटर कंपनीला जाणाऱ्या मासिक रकमेत आला हेही तितकंच खरं. फायदा झाला की तोटा, हे दोन्ही आकडे एकत्र मांडल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही, आणि तसे मांडायला भाग पाडणं हा आपला हक्क आहे.

सरकारी खर्चाचा दुसरा मोठा प्रवाह अनुदानाचा. एप्रिल 2024 पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज आहे. सुमारे 44 लाख शेतकऱ्यांसाठी वर्षाला 14,760 कोटी रुपये असा सरकारचा तेव्हाचा हिशेब होता. बिल शून्य आलं म्हणजे वीज फुकट तयार झाली असं नाही. शेतकऱ्याऐवजी राज्याची तिजोरी भरते. ही मदत कोरडवाहू पट्ट्यातल्या शेतकऱ्याला हवीच होती, असं माझं स्पष्ट मत आहे. पण बिल नसल्यानं तक्रार करायचा हक्क जात नाही, हे मी मुद्दाम सांगतो, कारण "फुकट मिळते तं बोलायचं कसं" असं लोक म्हणू लागले आहेत. पैसे भरले गेलेले आहेत, फक्त दुसऱ्यानं भरले आहेत.

त्याच वेळी सौर कृषी वाहिनी योजनेतून गावाजवळ लहान प्रकल्प उभे राहत आहेत, तिथली वीज युनिटमागे 3 रुपयांच्या आसपास पडते आणि दिवसा मिळते. विदर्भासाठी हा बदल मोलाचा आहे. मात्र प्रकल्प खासगी विकासकाचा, उपकेंद्र कंपनीचं, वाहिनी कंपनीची. बिघाड झाला की बघायचं कुणी, हे प्रत्येक उपकेंद्राच्या भिंतीवर लिहिलेलं असायला हवं.

विचारायचं कुठे? आयोग दरवाढीच्या याचिकेवर जनसुनावणी घेतो, नागपूरला आणि अमरावतीलाही आजवर झाल्या आहेत. लेखी हरकत कुणीही साध्या कागदावर मराठीत पाठवू शकतो. तिथे "पगार कमी करा" म्हणण्यापेक्षा तांत्रिक पदं किती रिकामी, कंत्राटावर किती खर्च, वर्षात किती रोहित्रं जळाली, हे तीन आकडे परिमंडळवार मागितले तर उत्तर द्यावं लागतं. रोहित्र नादुरुस्त झालं तर ग्रामीण भागात 48 तासांत वीज सुरू करायची मुदत आयोगाच्या कृती मानकांत, म्हणजे कोणतं काम किती वेळात व्हायला हवं याच्या नियमांत, आहे आणि ती मोडली तर भरपाईची तरतूदही आहे. त्यासाठी तक्रार नोंदवल्याचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवावी. तोंडी सांगितलेलं धरत नाहीत. पुढे ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल, ज्यांचं एक कार्यालय नागपुरातच आहे.

आपल्या शाखा कार्यालयात मंजूर पदं किती, भरलेली किती, कंत्राटी किती, हे माहिती अधिकारात विचारता येतं. अर्ज उपविभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. उत्तर 30 दिवसांत यायला हवं. कर्मचाऱ्यांची यादी आणि त्यांचे मासिक वेतन तर कायद्याच्या कलम 4 प्रमाणे कार्यालयानं न मागता जाहीर करायचं असतं, तेव्हा आधी ते पाहायला मागावं आणि मग उरलेल्या माहितीसाठी अर्ज करावा.